भरल्या बशीचें रसग्रहण

ग्रंथाचें परीक्षण करावें, नाटकाचें करावें, गवयाच्या बैठकीचें करावें. परंतु बशींतून पुढें आलेल्या मिसळीचें परीक्षण वाङ्मयीन मासिकानें करावें, हें आमच्या कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. त्यांतून तें उपाहारगृह स्वस्त असेल, तेथें अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसावें लागत असेल, आणि त्याची सारी कीर्ति 'तेथें पोटभर मिळतें' एवढ्या एका वाक्यांत सामावत असेल, तर टीकाकारानें लेखणी उचलावी असें तेथें आहे तरी काय, असा प्रश्न सुशिक्षित लोक केल्यावांचून राहणार नाहींत. आमचें मत नेमकें उलट आहे. महाग अन्नाचें परीक्षण सोपें असतें. कारण किंमतीचा आंकडाच अर्धें परीक्षण आधीं करून ठेवतो, आणि ज्यानें पैसे मोजले तो माणूस आपली फसगत झाली असें सहसा कबूल करीत नाहीं. स्वस्त अन्नाचें परीक्षण मात्र कठीण. 'एवढ्या पैशांत याहून अधिक काय मिळणार?' या एका उद्गारानें त्याचे दोष झांकले जातात, आणि त्याच उद्गारानें त्याचे गुणहि झांकले जातात. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या तीन गांवांतील ज्या कांहीं दुकानांचीं नांवें घरोघर ठाऊक आहेत, त्यांच्या गुणांकडे या उद्गारापलीकडे जाऊन पाहण्याचा आमचा विचार आहे.

या विचाराला एक घरगुती प्रसंग निमित्त झाला. आमचा भाचा डोंबिवलीस राहतो. गेल्या वर्षीं त्याला नोकरी लागली, आणि पहिल्या पगारांतून आजीला, आईला व आम्हां उभयतांना जेवूं घालावें असें त्याच्या मनानें घेतलें. बेत त्यानेंच ठरविला. जपानी लोकांचा सुशी नांवाचा जो पदार्थ आहे तो ठाण्यास चांगला मिळतो असें त्यानें ऐकलें होतें, आणि घर मासे खाणारें असल्यामुळें आजीलाहि तो रुचेल असा त्याचा अंदाज होता. त्याप्रमाणें आम्ही पांच जण एके दिवशीं दुपारीं एका मोठ्या मॉलमधील जपानी उपाहारगृहांत जाऊन बसलों. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. अन्नांत खोट अशी नव्हतीच. भात चिकट, तरी दाणा न् दाणा वेगळा कळणारा. सिरक्याचा आंबटपणा बेताचा. माशाला वास नाहीं. परंतु बशींत तुकडे आले सहा, आणि खाणारे आम्ही पांच.

पांच जणांनीं एकेक उचलला. सहावा बशींत राहिला. "तूं घे," "छे, तुम्हीच घ्या," असा तो तुकडा टेबलाभोंवतीं नुसता तोंडीं फिरला आणि अखेर जागच्या जागींच राहिला. आजी म्हणाली, "मला बाई एवढें पुरे. या वयांत खायचें तें किती असतें?" भाच्यानें आणखी दोन बशा मागविल्या, पण मागवितांना त्याची नजर पदार्थांच्या नांवांवरून न फिरतां दरपत्रकाच्या उजव्या बाजूच्या आंकड्यांवरून फिरत होती, आणि ती तशी फिरत असलेली आम्हां चौघांनाहि दिसत होती. मग आम्हीं सर्वांनीं एकमुखानें पोट भरल्याचें जाहीर केलें. तें अर्थात् खोटें होतें. पैसे मुकाट्यानें दिले गेले. मुलाचा चेहरा मात्र परीक्षेंत एखादा प्रश्न राहून गेल्यासारखा झाला.

स्टेशनाकडे परत येतांना त्यानें मध्येंच रिक्षा थांबविली आणि विचारलें, "आजी, मिसळ खाणार का? मामलेदारची?" आजीनें कांहीं उत्तर दिलें नाहीं, ती उतरली. तिनें कमी तिखटाची सांगितली, आम्हीं धीर करून मधल्या तिखटाची, आणि मुलानें डोळ्यांतून पाणी काढणारी. त्याच्या आईनें त्याच्या बशींत चमचा बुडवून रस्सा चाखला, तिला ठसका लागला, आणि सगळे हंसूं लागले. "आजी, आणखी पाव सांगूं?" "सांग की," ती म्हणाली, आणि किंमत विचारली नाहीं. दुपारीं ज्यानें कितीतरी पटींनीं अधिक पैसे मोजले होते, त्याला यजमान होतां आलें नव्हतें. मिसळीचे पैसे देतांना तो यजमान झाला होता, आणि हें त्याचें त्यालाहि कळलें होतें.

हा फरक केवळ भूक भागण्याचा नव्हे, असें आम्हांस वाटतें. आमच्या समाजांत खाणें ही एक क्रिया आहे आणि खाऊं घालणें ही दुसरी. दुसऱ्या क्रियेचा कर्ता पैसे देणारा नसून आग्रह करणारा असतो. आणि आग्रहाला मुबलकपणाचा आधार लागतो. पंक्तींत वाढपी जिलबीचें ताट घेऊन फिरतो तेव्हां तें ताट भरलेलें असतें, म्हणूनच त्याच्या 'आणखी एक' या शब्दांना अर्थ असतो. जेथें प्रत्येक घांसाला आंकडा चिकटलेला आहे तेथें आग्रह करणारा संकोचतो, आणि ज्याला आग्रह व्हावयाचा तो त्याहून अधिक संकोचतो. उलटपक्षीं स्वस्त आणि भरपूर अन्न देणारें दुकान आपलें औदार्य गिऱ्हाइकाच्या हातीं सोंपवितें. एका मिळवत्या माणसाला, महिनाअखेरीची धास्ती न बाळगतां, चार माणसांचा यजमान करणें हा अशा दुकानाचा पहिला गुण होय. हा गुण पाकशास्त्राच्या पुस्तकांत कोठें सांगितलेला नाहीं. पण तो नसेल तर उत्तम पाकहि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पदरीं ओशाळेपणाच टाकतो.

यांतून सुशीवर कांहीं दोष येतो असें मात्र कोणीं समजूं नये. सुशीचें कूळ पाहिलें तर तो आमच्या वड्या-मिसळीचाच भाऊबंद आहे. मूळची सुशी म्हणजे मासा टिकविण्याची युक्ति. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातांत महिनोन् महिने दाबून ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणानें मासा टिके, आणि खावयाच्या वेळीं भात टाकून देत. पुढें आंबण्याची वाट पाहण्याऐवजीं भातांतच सिरका घालण्याची रीत पडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, भाताचा हातानें वळलेला गोळा आणि त्यावर माशाची कापटी अशी सुशी विकली जाऊं लागली. तिचा प्रवर्तक म्हणून हानाया योहेइ (१७९९-१८५८) याचें नांव घेतात. ती रस्त्यावरच्या गाड्यांवर उभ्या उभ्या खाण्याची वस्तु होती. कामावरून आलेल्या माणसानें दोन-चार तुकडे तोंडांत टाकावे आणि वाटेस लागावें, हा तिचा उपयोग. शिवाय तो गोळा आजच्या दुपटी-तिपटीएवढा मोठा असे. एका घांसांत मावेना म्हणून तो कापून दोन करूं लागले, आणि सुशी जोडीनें वाढण्याची चाल त्यांतून निघाली, असें सांगतात. सारांश, ज्या काळीं सुशी जन्मली त्या काळीं ती स्वस्त, झटपट आणि भरपूर होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत अन्नाची टंचाई होऊन उपाहारगृहांवर निर्बंध आले, तेव्हां १९४७ सालीं टोकियोच्या सुशीवाल्यांनीं एक तोड काढली. गिऱ्हाइकानें एक 'गो', म्हणजे सुमारें १८० मिलिलिटर मापाचा तांदूळ आणावा, आणि घडणावळ देऊन त्याच्या बदल्यांत दहा सुशी न्याव्या. चक्कीवर दाणे द्यावे आणि पीठ आणावें, त्यांतलाच हा व्यवहार. पुढें १९५८ सालीं योशिआकी शिराइशी या गृहस्थानें, बियरच्या कारखान्यांतील बाटल्यांचा फिरता पट्टा पाहून, ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरून सुशी वाढणारें दुकान काढलें. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनांत त्या पद्धतीचा बोलबाला झाला. अशा दुकानांत बहुधा बशीच्या रंगावरून किंमत कळते आणि शेवटीं रिकाम्या बशा मोजून हिशेब होतो. चार मुलें घेऊन आलेल्या बापाला दरपत्रक उघडून मनांत बेरीज करावी लागत नाहीं. म्हणजे जपानांतहि सुशी दरबारी झाली, आणि पुन्हा कोणीतरी तिला घरच्या माणसांच्या आवांक्यांत आणून बसविलें. ठाण्यास ती आली ती मात्र मॉलच्या वरच्या मजल्यावरून आली. वास्तविक भात आणि मासा ही जोडी आगरी-कोळ्यांच्या या मुलुखाला कोणीं शिकविण्याची गरज नव्हती. ज्या जिल्ह्यांतून वाड्याचा तालुका २०१४ सालीं पालघरांत गेला, पण वाड्याचा कोलम घरोघरच्या पातेल्यांतून गेला नाहीं, त्या जिल्ह्याला सुशी परकी वाटली तर ती चवीमुळें नव्हे. मापामुळें आणि मोलामुळें.

आतां आमच्याकडील दुकानांकडे वळूं. हिंदुस्थानांतील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. तेव्हांपासून घाई हा या गांवांचा स्थायीभाव झाला आहे. येथील खाण्याचीं प्रसिद्ध ठिकाणें कोठें वसलीं हें पाहिलें म्हणजे तीं कां वसलीं हेंहि उमगतें. एक तर तीं स्टेशनाच्या आसपास आहेत, नाहीं तर कचेरीच्या आसपास. मामलेदार म्हणजे तालुक्याचा महसुली अधिकारी. त्याला आतां तहसीलदार म्हणतात. पण ठाण्यांत त्याचें जुनें नांव सरकारी दप्तरापेक्षां मिसळीनें अधिक जिवंत ठेवलें आहे. मुर्डेश्वर कुटुंबाचें हें उपाहारगृह तहसील कचेरीच्या सावलींत वाढलें आणि कचेरीचेंच नांव त्याला चिकटलें. मुर्डेश्वर हें कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील क्षेत्र. तेव्हां कानडी किनाऱ्याचें आडनांव, पेशवाईचा वारसा सांगणारा हुद्दा आणि मराठी पदार्थ या तिघांच्या मेळानें ठाण्याची ही ओळख झाली आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं खेड्यांतून आलेला शेतकरी, दाखल्यासाठीं ताटकळलेला विद्यार्थी, वकील आणि कारकून यांना जें हवें असतें तें एकच: लवकर मिळणारें, गरम, आणि संध्याकाळपर्यंत पोटांत टिकणारें कांहीं तरी. कचेरींत या चौघांच्या खुर्च्या वेगवेगळ्या असतात. मिसळीसाठीं बाक एकच असतें.

मिसळीकडे पदार्थ म्हणून पाहूं गेल्यास तिच्यांत एक रचना आहे, आणि ती रचना काळावर आधारलेली आहे. तळाशीं उसळ, तिच्यावर फरसाण, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर, सर्वांवरून लाल तेलाचा तवंग आलेला रस्सा, बाजूला लिंबाची फोड आणि पाव. बशी पुढें येते त्या क्षणीं फरसाण कुरकुरीत असतें आणि रस्सा नुसता तिखट असतो; दोघांची ओळख झालेली नसते. मध्यावर फरसाण अर्धें भिजतें, कांहीं कुरकुरीत, कांहीं मऊ, आणि त्याच्या पिठानें रश्श्याला दाटपणा येतो. अखेरीस सारें एकजीव होतें, आणि तो उरलेला दाट भाग पावाच्या तुकड्यानें पुसून घेण्यांत जी गोडी आहे ती पहिल्या घांसांत नसते. म्हणजे एकाच बशींत तीन पदार्थ खाण्यास मिळतात, आणि खाणाऱ्यानें किती वेगानें खावें यावर त्यांतला कोणता किती मिळेल हें ठरतें. पण या रचनेला एक अट आहे. बशी भरलेली पाहिजे. चार चमच्यांची मिसळ चांदीच्या वाटींत घालून दिली तर ती पहिल्या अवस्थेंतच संपेल; तिला प्रौढपण येण्यास अवसरच मिळणार नाहीं. म्हणून मिसळीच्या बाबतींत मुबलकपणा ही कांहीं वर दिलेली सवलत नाहीं. तो तिच्या रचनेचाच भाग आहे. रस्सा संपला कीं पुन्हा मागण्याची जी चाल मिसळीच्या दुकानांत असते, तिचेंहि मर्म हेंच. ती तिसरी अवस्था लांबविण्याची सोय आहे, आणि यजमानाला आग्रह करण्याची संधीहि आहे.

मामलेदारच्या मिसळीचा लौकिक तिखटपणासाठीं आहे, आणि तिखटाविषयीं आमच्या समीक्षकांत दोन तट आहेत. एका पक्षाच्या मतें तिखटानें चव मारली जाते. हें सर्वस्वीं खोटें नाहीं. ज्या रश्श्यांत तिखटावांचून दुसरें कांहीं नाहीं त्याला हा आक्षेप लागू पडतो, आणि नक्कल करणाऱ्या पुष्कळ दुकानांत तसा रस्सा आम्हींहि खाल्ला आहे. परंतु तिखट जेव्हां मसाल्याच्या आणि उसळीच्या मागून येतें, आधीं जिभेवर चव ठेवून मग घशाशीं चढतें, तेव्हां तें चवीचें शत्रु नसून तिची सीमारेषा होतें. शिवाय तिखटाचे कमी-अधिक प्रकार ठेवण्यांत व्यवहारज्ञान आहे. त्यामुळें सत्तरी उलटलेली आजी आणि पंचविशीचा नातू यांना एकाच टेबलावर एकच पदार्थ आपापल्या मगदुराप्रमाणें खातां येतो. एका कुटुंबानें एकत्र खावें, एवढ्यासाठीं ही तडजोड आम्हांस मोलाची वाटते.

ठाणें स्टेशनाजवळच्या कुंजविहारची कीर्ति दुसऱ्या प्रकारची आहे. तेथील वडा आकारानें मोठा, आणि हेंच त्याचें नांव गाजण्याचें कारण. वडापावाचा उगम १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असें सामान्यतः मानतात. त्यांतील बटाटा, मिरची आणि पाव या तिन्ही गोष्टी पोर्तुगीजांच्या मागोमाग आमच्याकडे आल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे परक्या पदार्थाकडे पाहून नाक मुरडण्याचा आमचा अधिकार बराच कमी होतो. असो. वडा मोठा करणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. गोळ्याचा व्यास दुप्पट केला तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, पण आंतला ऐवज आठपट होतो. म्हणजे वडा जसजसा मोठा होतो तसतसें कुरकुरीत आवरणाचें प्रमाण घटत जातें आणि नुसत्या बटाट्याचें प्रमाण वाढत जातें. लहान वड्यांत जें मीठ-मिरची-लसणाचें प्रमाण पुरतें तें मोठ्यांत मिळमिळीत लागतें. आणि तेल थोडें अधिक तापलें तर बाहेरून करपून आंत कोमट राहण्याचा धोका असतो. ज्याला मोठा वडा चांगला करतां आला त्यानें सारण अधिक झणझणीत केलें, आवरणाचा जाडपणा नव्यानें ठरविला, आंच आवरली आणि पावहि त्या मापाचा शोधला, असें समजावें. मोठेपणाचा हा हिशेब एदोच्या सुशीवाल्यालाहि करावा लागला असेल. भाताचा गोळा मोठा, तर सिरका आणि मीठ अधिक लागणार. तेव्हां 'नुसतें भरपूर दिलें, त्यांत कौशल्य तें काय?' या प्रश्नाला आमचें उत्तर असें कीं, भरपूर देऊन शेवटचा घांस पहिल्या घांसाइतकाच चवदार ठेवणें यांतच खरें कौशल्य आहे. सहा नाजूक तुकड्यांच्या आचाऱ्याला ही परीक्षा द्यावी लागत नाहीं.

कल्याणचा खिडकी वडा हें तिसरें उदाहरण. घराच्या खिडकींतून वडे विकले जात, म्हणून गिऱ्हाइकांनीं खिडकीचेंच नांव वड्याला दिलें. येथें बसण्याचा थाट नाहीं. कागदांत बांधलेले वडे घेऊन माणूस आपल्या घरीं जातो, आणि उंबरठ्यावर पाऊल पडतांच यजमान होतो. पुडा सोडल्यावर खोलीभर पसरणारा तो वास ज्यांनीं घेतला आहे, त्यांना अधिक सांगणें नको. डोंबिवलीनें हीच गोष्ट आणखी पुढें नेली आहे. तेथील गल्लोगल्लींच्या पोळीभाजी केंद्रांत जेवण बाहेर शिजतें, पण खाल्लें जातें तें घरच्या ताटांत. नवरा-बायको दोघेंहि सकाळीं लोकल गांठून मुंबईस जात असतील, तर सायंकाळच्या सहा पोळ्या आणि एक भाजी ही चैन नव्हे. ती त्या घराची रोजची शांति आहे. गिरणगांवांतील खानावळवाल्या बायकांनीं गिरणीकामगारांना वर्षानुवर्षें जेवूं घातलें, आणि १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. डोंबिवलीचीं पोळीभाजी केंद्रें त्याच परंपरेंत शोभण्यासारखीं आहेत.

मुबलकपणाचे सर्व प्रकार मात्र सारखे नसतात. हल्लीं 'ठराविक रक्कम भरा आणि हवें तितकें खा' अशी एक व्यवस्था निघाली आहे. वरवर पाहतां याहून अधिक औदार्य कोणतें? परंतु तेथें बसलेल्यांकडे नीट पाहावें. खाणारा भुकेसाठीं खात नाहीं. भरलेली रक्कम वसूल करण्यासाठीं खातो. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांत एक अबोल झगडा चालतो: एक भात आणि बटाटा पुढें सारतो, दुसरा महागड्या पदार्थाची वाट पाहत बसतो. आणि यजमानाचें काय? सारें आधींच मोजून झालेलें असल्यामुळें त्याच्या 'आणखी घ्या' या शब्दांना वजनच उरत नाहीं. आमच्या मतें खरी भरपूर बशी ती, जिचें माप ठरलेलें आहे, पण तें अपेक्षेहून थोडें मोठें आहे.

स्वस्ताईचाहि दुसरा एक प्रकार आहे. १९९५ नंतर महाराष्ट्र सरकारनें एका रुपयांत झुणका-भाकर देणारीं केंद्रें काढलीं. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी दहा रुपयांस मिळूं लागली. उपाशी माणसाला अन्न मिळणें ही गोष्ट कोणत्याहि रसग्रहणाहून मोठी आहे, आणि त्या योजनांचें मोजमाप आमच्या फुटपट्टीनें करणें योग्य होणार नाहीं. एवढाच भेद नोंदवितों कीं, तेथें जेवणारा लाभार्थी असतो. मिसळीच्या बाकावर बसलेला माणूस पैसे टाकून खातो, म्हणून तो दुसऱ्यालाहि बोलावूं शकतो. समाजाला दोन्ही लागतात. पण एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं.

आमच्या या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊं शकतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. स्वस्त अन्न कोणाच्या पोटाला चिमटा काढून स्वस्त होतें? टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला, कांदा चिरणाऱ्या बाईला, भट्टीसमोर आठ आठ तास उभ्या राहणाऱ्या आचाऱ्याला जर पुरेसें मिळत नसेल, तर बशीचें औदार्य हें दुकानदाराचें नसून त्यांच्याकडून उसनें घेतलेलें आहे. तळणीचें तेल किती वेळां तापलें, हाहि त्याच जातीचा प्रश्न. बशीकडे पाहून याचें उत्तर मिळत नाहीं. पण परीक्षकानें तो विचारलाच पाहिजे, आणि गिऱ्हाइकानेंहि. कधीं काळीं बशीमागें दोन रुपये वाढले आणि ते या माणसांच्या हातीं पडले, तर त्या दुकानाला आम्ही महाग म्हणणार नाहीं. दुसरा आक्षेप गर्दीचा. अशा कित्येक ठिकाणीं आपण खात असतांना पाठीशीं दुसरा उभा असतो आणि आपल्या शेवटच्या घांसाकडे डोळे लावून असतो. गप्पांची बैठक जमवावयाची असेल त्यानें दुसरीकडे जावें हें खरें. पण ज्यांना एकत्र बसावयाचें असतें तीं माणसें त्या पाव तासांतहि एकत्र बसतात, हें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें.

म्हणून अशा दुकानांच्या परीक्षणासाठीं आम्ही तीन कसोट्या पुढें ठेवतों. शेवटचा घांस पहिल्या घांसाची बरोबरी करतो काय? किंमत कमी असल्याची खूण बशींत कोठें दिसते काय? आणि पैसे देणारा माणूस उठतांना यजमान म्हणून उठतो काय? पहिल्या दोन कसोट्या आचाऱ्याच्या आहेत. तिसरी दुकानाच्या स्वभावाची आहे. तिन्हींस उतरणारीं दुकानें थोडीं असतात, आणि तीं ज्या गांवांत असतात त्या गांवाचें भाग्य मोठें. जुन्या इमारती पडून नव्या उठत आहेत, जागांचे भाव चढत आहेत. अशा वेळीं एखादें भरल्या बशीचें दुकान बंद पडलें तर वर्तमानपत्रांत एका चवीच्या निधनाची बातमी येते. वस्तुतः त्या गांवांतील शेंकडों बेताच्या मिळकतीच्या माणसांचें यजमानपण त्या दिवशीं हिरावलेलें असतें.

सुशीविषयीं आमचा निकाल अखेरचा नाहीं. उद्यां कोणी ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर, येथल्याच तांदळाची आणि येथल्याच माशांची, मोठ्या गोळ्यांची, माफक दराची सुशी विकूं लागला, तर तो कांहीं नवें करणार नाहीं. एदोच्या गाडीवरची वस्तु पुन्हा गाडीवर आणून ठेवील. त्या दिवशीं भाच्याला आणि त्याच्या आजीला घेऊन आम्ही तेथें पहिल्या रांगेंत उभे राहूं. बशींत पांच जणांस सहा तुकडे आले तरी हरकत नाहीं. सहावा तुकडा कोणी तरी निःसंकोच उचलील, कारण दुसरी बशी मागविण्यापूर्वीं मुलाला उजवीकडचा आंकडा पाहावा लागणार नाहीं.